विश्लेषण : माउंटन बाइकवर ‘क्लिपलेस’ सोडून फ्लॅट पॅडलकडे वळावे का?

वेग ताशी शून्य किलोमीटर. पुण्याजवळच्या एका टेकडीच्या चढावर पुढचे चाक दगडाला अडले, सायकल थांबली आणि मी डावीकडे कलंडलो. डावा पाय पॅडलमध्ये अडकलेला होता. तो सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते. घाबरून मी पाय सरळ वर ओढला आणि तो सुटला नाही. पडताना हात टेकला, त्यामुळे मनगट तीन आठवडे दुखत राहिले. पायाला जोडली जाणारी पॅडल वापरणाऱ्या कोणालाही विचारा, असा एक किस्सा त्याच्याकडे असतो आणि तो बहुधा हसत सांगितला जातो.

माझ्या बाबतीत पडण्यापेक्षा त्यानंतर जे झाले ते महत्त्वाचे ठरले. पुढचे दोन महिने तो चढ जवळ आला की मी आधीच पाय सोडवून खाली उतरत होतो. ज्या पॅडलने चढ सोपा व्हायला हवा होता, त्याच पॅडलच्या धास्तीने मी चढाचा प्रयत्न करणे सोडले होते. शेवटी साधी, सपाट म्हणजे फ्लॅट पॅडल बसवली. हा बदल पुढे जाणारा की मागे नेणारा, यावर सायकलस्वारांच्या गटात हमखास वाद होतो. त्या वादात तथ्य किती आणि समजुती किती, हे पाहू.

‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप असलेली?

नावातला हा गोंधळ जुना आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पॅडलवर धातूचा एक पिंजरा आणि चामडी पट्टा असे. त्यात बुटाचे टोक घालून पट्टा आवळायचा. या पिंजऱ्याला ‘टो-क्लिप’ म्हणत. १९८४ मध्ये स्कीइंगची साधने बनवणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने स्कीच्या बाइंडिंगची कल्पना सायकलच्या पॅडलवर आणली. पिंजरा गेला, म्हणून ते ‘क्लिपलेस’. १९८५ ची टूर डी फ्रान्स बर्नार्ड इनो याने हीच पॅडल वापरून जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले.

माउंटन बाइकसाठी मात्र ही पॅडल सोयीची नव्हती, कारण बुटाखालची मोठी क्लीट घेऊन चालता येत नसे. १९९० मध्ये ‘शिमानो’ने एसपीडी प्रणाली आणली. त्यात धातूची छोटी क्लीट बुटाच्या तळव्यात खोलगट जागी दोन बोल्टने बसते, त्यामुळे उतरून चालणे शक्य झाले. आज आपल्याकडे ‘क्लीट्स’ म्हणून जे ओळखले जाते ते बहुतांश हेच किंवा याच जातीचे असते. बूट खाली दाबला की ‘खट्’ आवाज होऊन क्लीट अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. पकड किती घट्ट हवी हे एका स्क्रूने कमी-जास्त करता येते.

पाय जोडला की ताकद वाढते का?

क्लिपलेसच्या बाजूने सर्वाधिक सांगितले जाणारे कारण असे : फ्लॅट पॅडलवर पाय फक्त खाली दाबता येतो. क्लिपलेसवर तो वरही ओढता येतो, म्हणजे पूर्ण चक्रात ताकद मिळते. ऐकायला हे पटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा असे होत नाही.

घड्याळाचे काटे डोळ्यांसमोर आणा. क्रँक साधारण एकपासून पाचपर्यंत फिरते त्या टप्प्यात मांडी आणि नितंबाचे मोठे स्नायू पॅडल खाली ढकलतात. बहुतेक कामाची ताकद इथेच तयार होते. दुसरा पाय त्याच वेळी वर येत असतो. दोन्ही क्रँक एकमेकांना जोडलेल्या असल्याने खाली जाणारा पाय वर येणाऱ्या पायाचे थोडे वजन उचलत असतो. सराईत सायकलस्वारही वर येणारा पाय जोराने ओढत नाहीत, फक्त त्याचे ओझे हलके करतात. तेवढे फ्लॅट पॅडलवरही करता येते.

मुद्दाम वर ओढले तर काय होते, याचा अभ्यास झाला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलस्वारांना वेगवेगळ्या पद्धतींनी पॅडल मारायला सांगितले गेले. वर ओढण्याच्या पद्धतीत बल क्रँकवर अधिक योग्य दिशेने पडले, पण तेवढ्याच कामासाठी शरीराची ऊर्जा जास्त खर्च झाली. पाय वर ओढणारे स्नायू या कामासाठी तितके कार्यक्षम नाहीत, असा त्याचा अर्थ. २०१६ मध्ये ‘फुटवेअर सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासात साधे धावण्याचे बूट आणि फ्लॅट पॅडल, टो-क्लिप, तसेच सायकलिंगचे बूट आणि क्लिपलेस अशी तुलना झाली. मध्यम श्रमात ऊर्जेच्या खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही.

हे निष्कर्ष संथ, एकसारख्या पॅडलिंगचे आहेत. सर्व जोर लावून केलेल्या छोट्या स्प्रिंटमध्ये क्लिपलेस आणि कडक तळव्याचे बूट यांना आघाडी मिळते, हेही अभ्यासात दिसले आहे. रविवारी सकाळी टेकडीवर जाणारा सायकलस्वार किती वेळ स्प्रिंट करतो, हे त्याने स्वतःला विचारावे.

मग क्लिपलेसचा खरा फायदा कोणता?

पाय जागेवर राहतो, हा. खडकाळ उतारावर मागचे चाक उसळते आणि पॅडल पायाखालून निसटू पाहते. अशा वेळी क्लिपलेस पाय धरून ठेवते. खडबडीत जमिनीवर बसून सतत पॅडल मारत राहायचे असेल तर हा आधार मोठा असतो. पाय दर वेळी त्याच ठिकाणी येतो, तो शोधावा लागत नाही. म्हणूनच ऑलिम्पिकमधील क्रॉस-कंट्री शर्यतीत जवळपास सगळेच स्पर्धक क्लिपलेस वापरतात. तिथे चढ, स्प्रिंट आणि खडक सारे एकाच शर्यतीत असते.

पण या आधाराची एक बाजू उशिरा लक्षात येते. पाय जोडलेला असला की दोन्ही पाय वर ओढून सायकल उचलता येते. तंत्र न शिकताच मागचे चाक दगडावरून पार होते. शरीराचे वजन कधी पुढे, कधी मागे न्यायचे, टाच कधी खाली दाबायची, हे शिकायचे राहून जाते. काही प्रशिक्षक नव्यांना आधी फ्लॅट पॅडलवर शिकवतात, त्याचे कारण हेच.

फ्लॅट पॅडलवरून जगज्जेते झालेले कोणी आहे का?

हा प्रश्न निघाला की ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलचे नाव येते. डाउनहिल प्रकारात त्याने २००६, २००७ आणि २०१० मध्ये विश्वविजेतेपद मिळवले, तेही फ्लॅट पॅडलवर आणि क्लिपलेस वापरणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील शाँपेरीच्या विश्वचषक शर्यतीत पावसाने चिखल झाल्यानंतर उतरूनही तो तिसरा आला. ती फेरी आजही या खेळातील संस्मरणीय फेऱ्यांमध्ये गणली जाते.

डाउनहिलमध्ये पॅडल फारसे मारावे लागत नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. त्यानंतर हिल एन्ड्युरोकडे वळला. या प्रकारात उतारांची वेळ मोजली जाते, पण दोन उतारांमधले चढही स्वतः पॅडल मारत पार करावे लागतात. स्पर्धा दिवसभर चालते. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजचे एकूण विजेतेपद त्यानेच मिळवले. पॅडल तीच.

यावरून फ्लॅट पॅडल अधिक वेगवान ठरत नाहीत. त्याच स्पर्धांमध्ये क्लिपलेस वापरून जिंकणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. फ्लॅट पॅडल ही शिकाऊ माणसाची तात्पुरती सोय आहे, हा समज मात्र यामुळे टिकत नाही.

न जोडता पाय पॅडलवर टिकतो कसा?

घर्षणाने. शाळेत शिकलेले सूत्र इथे कामाला येते : घर्षण हे पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर आणि पायाच्या दाबावर अवलंबून असते. पहिली बाजू पॅडल आणि बूट सांभाळतात. चांगल्या फ्लॅट पॅडलवर दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक पिना असतात. त्या बुटाच्या रबरात रुततात. पॅडलचा मध्य थोडा खोलगट असेल तर पाऊल त्यात बसते.

दुसरी बाजू, म्हणजे दाब, स्वाराच्या हातात असते. खरे तर टाचेत. उतारावर दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवून टाचा खाली झुकवल्या की प्रत्येक धक्का पावलाला पॅडलवर आणखी दाबतो. चवड्यावर उभे राहिले, टाचा वर राहिल्या, की तोच धक्का पाय उडवून लावतो. पॅडलवरून पाय निसटण्याचे मुख्य कारण बहुतेकदा हे असते. त्याचा दोष पिनांना दिला जातो.

पाऊल ठेवण्याची जागाही बदलते. क्लिपलेसवर पॅडलचा आस साधारण चवड्याखाली येतो. फ्लॅटवर अनेक जण पाऊल थोडे पुढे सरकवून आस चवडा आणि तळव्याचा मध्य यांच्या दरम्यान ठेवतात. त्याने स्थिरता वाढते आणि पोटरीवरचा ताण कमी होतो.

बदल केल्यावर आधी काय बिघडते?

पहिले दोन-तीन आठवडे जवळपास सगळेच बिघडते. सवयीने पाय वर ओढला जातो, पाऊल पॅडल सोडून हवेत जाते आणि पॅडल फिरून नडगीवर आदळते. त्या पिनांनी नडगी सोलवटते. हा अनुभव टाळायचा तर सुरुवातीला नडगीचे गार्ड घालावेत. जाड मोजे पुरत नाहीत, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

सर्वांत मोठा धक्का मागचे चाक उचलताना बसतो. क्लिपलेसवर ते नुसते ओढून उचलले जाई. फ्लॅटवर त्यासाठी वेगळी हालचाल लागते : गुडघे वाकवून खाली दबायचे, उसळी घ्यायची आणि त्याच क्षणी पायाची बोटे खाली झुकवून तळवा मागच्या दिशेने पॅडलवर दाबायचा. पिनांवर रेटलेले पाऊल पाचरीसारखे काम करते आणि चाक उचलले जाते. हे मोकळ्या मैदानात, आडव्या ठेवलेल्या काठीवरून रोज दहा मिनिटे करून पाहावे. ट्रेलवर शिकायला जाऊ नये.

सीटची उंचीही तपासावी लागते. पाऊल पुढे सरकल्याने आणि बुटाच्या तळव्याची जाडी वेगळी असल्याने काही मिलिमीटरचा फरक पडतो. गुडघ्याच्या मागे ताण जाणवला किंवा पॅडल खाली असताना कंबर डोलू लागली, तर सीट किंचित खाली घ्यावी.

गुडघेदुखीवर फ्लॅट पॅडल हा उपाय आहे, असेही सांगितले जाते. क्लीट चुकीच्या कोनात बसली असेल तर पाय तासन्‌तास त्याच कोनात राहतो आणि गुडघा दुखू शकतो. फ्लॅटवर पाऊल आपला कोन स्वतः शोधते. पण दुखण्याची कारणे इतरही असतात. आधी क्लीटची जागा दुरुस्त करून पाहावी आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

सह्याद्रीच्या वाटांवर काय सोयीचे?

आपल्याकडच्या डोंगरवाटा सायकलसाठी बांधलेल्या नाहीत. त्या गुरांच्या, गावकऱ्यांच्या आणि ट्रेकर्सच्या पायवाटा आहेत. अर्धी वाट सायकलवरून आणि उरलेली सायकल खांद्यावर घेऊन, असे इथे नेहमी होते. अशा वेळी क्लीटचे पोलाद बेसॉल्टच्या कातळावर टेकले की घसरते. कातळ ओला असेल तर विचारायलाच नको. फ्लॅट पॅडलचे बूट रबरी तळव्याचे असल्याने चालताना तो धोका कमी असतो.

पावसाळ्यात दुसरा प्रश्न चिखलाचा. उतरून चार पावले चालले की तांबडी माती क्लीटच्या खोबणीत भरते आणि पाय पॅडलमध्ये अडकायला तयार होत नाही. अर्धवट अडकलेला पाय सर्वांत घातक, कारण तो धरलेला आहे की मोकळा, हेच कळत नाही. उन्हाळ्यात मुरूम आणि घसारा असतो. वळणावर पुढचे चाक घसरू लागले की आतला पाय झटकन बाहेर काढून तोल सावरता येणे, हे तिथे कामाचे ठरते.

याउलट पुणे–महाबळेश्वरसारख्या लांब डांबरी अंतरासाठी, किंवा कच्च्या रस्त्याने पाच-सहा तास सलग पॅडल मारायचे असेल तर, क्लिपलेसची सोय अनेकांना मानवते.

पॅडल आणि बूट निवडताना काय पाहावे?

बजेट मर्यादित असेल तर खर्च आधी बुटांवर करावा. तळवा सपाट, रबर चिकट आणि थोडा कडकपणा असलेला हवा. असे रबर या खेळात आले ते प्रस्तरारोहणाच्या बुटांमधून. ‘फाइव्ह टेन’ ही कंपनी आधी गिर्यारोहकांसाठी बूट बनवत होती. धावण्याच्या बुटांचा तळवा मऊ आणि खाचांचा असतो. त्यावर पिनांना धड पकड मिळत नाही आणि लांबच्या राइडमध्ये तळवे दुखतात. क्लीट काढून टाकलेले क्लिपलेसचे बूट फ्लॅट पॅडलवर वापरणे तर टाळावेच. त्यांचा कडक तळवा घसरतो.

पॅडल नायलॉनची आणि ॲल्युमिनियमची, अशी दोन्ही मिळतात. सुरुवातीला नायलॉनची चालतात. ती स्वस्त असतात आणि दगडावर आपटली तर अडकण्याऐवजी सरकतात. पिना स्क्रूच्या, म्हणजे मोडल्यास बदलता येतील अशा असाव्यात. पाऊल मोठे असेल तर पॅडलही रुंद घ्यावे.

घरी पॅडल बदलता येते का?

दहा मिनिटांचे काम आहे, फक्त एक गोष्ट माहीत हवी. उजव्या पॅडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. त्यामुळे डावे पॅडल सैल करायला गेलेले अनेक जण ते आणखी आवळून ठेवतात. लक्षात ठेवायला सोपे : पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पॅडल अशीच सुटतात. पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतात.

पॅडलच्या रचनेनुसार १५ मिमीचा पाना किंवा ६ अथवा ८ मिमीची ॲलन की लागते. नवे पॅडल बसवण्यापूर्वी आट्यांना ग्रीस लावावे आणि सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्यावेत. पॅडल हाताने सहज आत जात नसेल तर आटे तिरपे बसत आहेत किंवा बाजू चुकली आहे. तिथे पान्याने जोर लावला तर क्रँकचे आटे कायमचे जातात. पाना काढताना हात सुटून चेनच्या दातेरी चकतीवर आपटतो, म्हणून हातमोजे घालावेत.

कोणी बदलावे, कोणी बदलू नये?

क्लिपलेसवर पाय विचार न करता सुटत असेल, शर्यतीत भाग घ्यायचा असेल आणि खडबडीत वाटेवर पॅडल मारणेच आवडत असेल, तर बदलण्याचे कारण नाही. केवळ अडकून पडण्याची भीती असेल तर मधला मार्गही आहे. पकडीचा स्क्रू सैल करावा, किंवा ‘शिमानो’च्या नेहमीच्या ‘एसएच ५१’ ऐवजी ‘एसएच ५६’ प्रकारची क्लीट लावावी. ती वेगवेगळ्या दिशांनी आणि जोराने वर ओढल्यावरही सुटते. एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला सपाट अशी पॅडलही मिळतात. पण ट्रेलवर हवी ती बाजू नेमक्या वेळी वर असतेच असे नाही.

अवघड जागा दिसली की आधीच उतरण्याची सवय लागली असेल, तर मात्र फ्लॅट पॅडल लावून पाहावी. पाय केव्हाही टेकता येतो हे माहीत असले की माणूस पुन्हा प्रयत्न करतो, आणि अवघड चढ शेवटी प्रयत्नांच्या संख्येनेच जमतो. नवीन शिकणाऱ्यांनी, विशेषतः मुलांनी, सुरुवात फ्लॅटवरच करावी.

जुनी पॅडल आणि क्लीट लगेच विकू नयेत. किमान दोन महिने फ्लॅटवर काढावेत, कारण पहिल्या तीन आठवड्यांत कोणालाही जुनेच बरे वाटते. त्यानंतर एकाच वाटेवर दोन्ही लावून पाहावे. अनेक जण पुन्हा क्लिपलेसकडे जातात, पण आता मागचे चाक ओढून न उचलता तंत्राने उचलतात. मी अजून गेलेलो नाही. तो दगड अकराव्या प्रयत्नात पार झाला. आधीच्या दहा वेळा पाय टेकला आणि एकदाही पडलो नाही.